चोवीसचा आकडा

गेल्या मे महिन्यात आमच्या गाडीत एसीवरून भांडण झालं. मागच्या सीटवर आजी होती. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस असतं आणि ते छत्रपती संभाजीनगरला असतं. देवगाव रंगारीहून जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर पडतात. त्या दिवशी परत निघायला दुपारचे दोन वाजले. डायलिसिसनंतर माणूस कसा होतो ते ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको; पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखी बसली होती ती. मी एसी लावला. दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यापाशी नेहमीसारखी गाड्यांची रांग, ती सरकेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली, आणि घाट सुरू व्हायच्या आत पप्पांनी एसी बंद केला. मी परत लावला. त्यांनी परत बंद केला. "चोवीस सांगितलंय, सोळा देतीये. त्यात घाटाला एसी लावून कसं जमायचं?" मी आवाज चढवला, त्यांनी चढवला. मागून आजी म्हणाली, "राहू दे रे बाबा, वारं येतंय की." वारं येत होतं, पण भट्टीतून यावं तसं.

पप्पा कंजूस नाहीत. आजीच्या औषधाला त्यांनी कधी हात आखडता घेतलेला नाही. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि त्या दिवशी मला कळलं की गाडीच्या बाबतीत ते स्वतःला नापास झालेला विद्यार्थी समजतात. पेपर २४ गुणांचा, पडले १६. चूक आपलीच कुठेतरी असणार, अशी त्यांची खात्री. मला राग आहे तो या खात्रीचा. ती त्यांच्या डोक्यात आपोआप आलेली नाही, ती तिथे घातली गेली आहे.

गाडी २०२२ च्या दिवाळीत घेतली. पाच सीटची, पेट्रोलची, हप्त्यावर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत कुठल्याही कंपनीचं नाव घातलं तरी गोष्ट फारशी बदलणार नाही. शोरूममधल्या पोराने सांगितलं, "काका, लिटरला चोवीसच्या वर. कागदावर आहे." पप्पांनी तिथेच मोबाइलमध्ये हिशेब केला. महिन्याला १२०० किलोमीटर, म्हणजे ५० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर ५,२५० रुपये. हप्ता अधिक पेट्रोल, पगारात बसतंय. सही केली.

पहिल्या सर्व्हिसिंगला त्यांनी तक्रार केली. तिथला माणूस हसून म्हणाला, "सर, गाडी दाबून चालवत असाल तुम्ही. ड्रायव्हिंग हॅबिट बघावी लागेल." आता, आमच्या गल्लीत पप्पांना पोरं मागून 'बैलगाडी गुरुजी' म्हणतात. उसाची ट्रॉली पुढे असली तर तिला ओलांडायला ते कसाबखेड्यापर्यंत वाट बघतात. हा माणूस गाडी दाबून चालवतो! पण ते काही बोलले नाहीत. घरी येऊन एक डायरी केली.

ती डायरी माझ्यासमोर आहे. पद्धत साधी. एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी तिथेच परत तेवढीच भरायची, चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. गाडीच्या स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो त्यांनी शेजारच्या रकान्यात लिहिलाय, आणि तो बहुतेक वेळा एखाद्या किलोमीटरने फुगलेला आहे. पहिल्या वर्षी सरासरी १७ च्या आसपास आहे. आता १६. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी तपासल्याची नोंद आहे. एअर फिल्टर बदलल्याची तारीख आहे. चोवीस मात्र कुठल्याही पानावर नाही. अगदी एकदा, पावसाळ्यात, एकटेच, एसी बंद, काचा बंद, पन्नासच्या वेगाने गेले होते, त्या पानावरही नाही. तिथे २१ आहे आणि पुढे कंसात 'घाम' असं लिहिलंय.

१२०० किलोमीटरला १६ च्या हिशेबाने ७५ लिटर लागतात. ७,८७५ रुपये. ठरवलेल्यापेक्षा महिन्याला २,६२५ रुपये जास्त. वर्षाला ३१,५००. पाच वर्षांच्या हप्त्यांत १,५७,५००. शोरूममध्ये पाच हजारांच्या सीट कव्हरवर अर्धा तास घासाघीस केली होती आम्ही.

मग हा २४ येतो कुठून? खोटा आहे म्हणावं तर तसंही नाही. पुण्यात वेताळ टेकडीच्या उतारावर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था आहे, १९६६ पासूनची. तिथे, किंवा सरकारने मान्यता दिलेल्या तशाच दुसऱ्या प्रयोगशाळेत, गाडीची चाकं रोलरवर ठेवतात. गाडी जागेवरच धावते. खोलीचं तापमान २० ते ३० अंश. समोर पडद्यावर वेगाची रेघ, ड्रायव्हरने ती रेघ गिरवायची. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. त्यातली पहिली १३ मिनिटं शहरातली मानलेली: १९५ सेकंदांचा एकच तुकडा चार वेळा, वेग ५० च्या वर नाही. शून्यावरून ५० गाठायला ड्रायव्हरला २६ सेकंद दिलेले असतात. दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडल्यावर २६ सेकंदांत ५० गाठून बघा, मागचा ट्रकवाला काय काय म्हणेल ते ऐकण्यासारखं असेल. शेवटच्या भागात वेग वाढतो, पण ९० च्या पुढे जात नाही. एसी बंद. घाट नाही, खड्डे नाहीत, गतिरोधक नाहीत, समोरून वारा नाही. पाच माणसं आणि डिकीत गव्हाचं पोतं, हेही नाही.

या चाचणीला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. नावात इंडियन आहे. प्रत्यक्षात ती युरोपच्या जुन्या एनईडीसी चाचणीवरून घेतलेली आहे. तिकडे वेग १२० पर्यंत जायचा, आपल्याकडे 'मॉडिफाइड' करून ९० वर आणला. इथली गाडी कशी चालते हे कुणी कसाबखेडा फाट्यावर उभं राहून मोजलं असतं तर त्या रेघेत ऊस-ट्रॉलीमागची वीस मिनिटं आली असती, श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या गर्दीत वेरूळला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं आलं असतं. आलं नाही.

आता दुसरं टोक बघा. माळीवाड्याला गाडी समृद्धी महामार्गावर चढवली की सरकारनेच लावलेली पाटी सांगते: कारसाठी वेगमर्यादा १२०. राज्याला ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान आहे त्या रस्त्याचा कायदेशीर वेग आपल्या मायलेजच्या चाचणीने कधी पाहिलेलाच नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वर जेवढा, त्याच्या जवळपास पावणेदोन पट १२० वर. म्हणजे नियम पाळून, एकाही कॅमेऱ्यात न सापडता तुम्ही शिर्डीला गेलात, तरी कागदावरच्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही. आणि मग सर्व्हिस सेंटरवाला तुमची हॅबिट बघणार.

या हॅबिटच्या युक्तिवादावर मला जरा थांबायचंय, कारण सगळा खेळ त्यावर चाललाय. चालवण्याच्या पद्धतीने मायलेज बदलतं, यात वाद नाही. दर सिग्नलला पाय खाली दाबणारा आणि सत्तरच्या वेगाने सरळ जाणारा, दोघांना सारखं पेट्रोल लागणार नाही. पण एखाद्या परीक्षेत जवळपास सगळा वर्ग नापास होत असेल तर आपण पेपर तपासतो ना? युरोपात तसा तपासला. आयसीसीटी या संशोधन संस्थेने लाखो गाड्यांच्या खऱ्या नोंदी जमवून दाखवलं की २००१ मध्ये प्रयोगशाळा आणि रस्ता यांतला फरक ९ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेला. चौदा वर्षांत युरोपातल्या लोकांचे पाय एवढे जड झाले म्हणायचे का? चाचणी तीच राहिली आणि कंपन्या त्या चाचणीपुरता अभ्यास करायला शिकल्या, एवढंच झालं. गाईड वाचून पेपर देणाऱ्या पोरासारखं. शेवटी २०१७ पासून युरोपने ती चाचणी मोडीत काढून डब्ल्यूएलटीपी ही जास्त कडक चाचणी आणली. आपली गाडी विकत घेतली गेली तेव्हा, त्याला पाच वर्षं झाल्यावरही, आपण तिचाच भाऊ वापरत होतो.

कंपन्यांकडे यावर तयार उत्तर असतं: हा आकडा फक्त तुलनेसाठी आहे, सगळ्या गाड्या एकाच पट्टीने मोजल्या की झालं. ऐकायला बरोबर वाटतं. पण मग जाहिरातीत तसं छापा की. तिथे २४ तळहाताएवढा असतो आणि 'प्रमाणित चाचणी परिस्थितीत' हे शब्द मुंगीच्या पायाएवढे. शिवाय तुलनाही धड होत नाही. मवाळ चाचणीत छोटं टर्बो इंजिन फार शहाण्यासारखं वागतं. त्यालाच पाच माणसं बसवून वेरूळचा घाट चढवा, मग ते पितं. दोन गाड्यांमधला कागदावरचा फरक रस्त्यावर उलटा पडू शकतो. केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये एका कारमालकिणीला तीन लाखांहून जास्त भरपाई द्यायला लावली, कारण जाहिरातीत ३२ होतं आणि तपासणीत सुमारे ४० टक्के कमी भरलं. ती बाई वर्षानुवर्षं लढली. प्रत्येकाने तेवढं लढायचं का?

एक गोष्ट आपल्याही पदरात घ्यायला हवी. कुणीही नवी गाडी आणली, नारळ फुटायच्या आत आपण विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" ब्रेक कसे, एअरबॅग किती, हे नंतर, किंवा कधीच नाही. गिऱ्हाईक एकच आकडा विचारतं म्हटल्यावर विकणारा तोच फुगवणार.

आणि तो आकडा ज्या रूपात येतो तेच फसवं आहे. लिटरला किलोमीटर. समजा एका घरात जुनी जीप १० देते आणि ती १२ द्यायला लागली. दुसऱ्या घरात छोटी कार २० ची २४ झाली. जास्त फायदा कुणाचा? बहुतेक जण कारवाला म्हणतील, चार वाढले ना. १२०० किलोमीटरवर मोजा. जीपचे १२० लिटरचे १०० झाले, वीस वाचले. कारचे ६० चे ५०, दहाच वाचले. युरोपात म्हणून १०० किलोमीटरला किती लिटर, असं लिहितात. आमच्या गाडीच्या कागदावर ४.१७ असायला हवं, डायरीत ६.२५ आहे. दीडपट. '२४ ऐवजी १६' ऐकताना एक तृतीयांश कमी वाटतं. पंपावर मात्र दीडपट पैसे मोजावे लागतात. विकणाऱ्याला पहिली भाषा का आवडते ते कळलं असेल.

आता डायरीतल्या १७ चे १६ कसे झाले, त्याकडे येतो. इथे मला सांभाळून बोलायला हवं, कारण आमच्याकडे मका आहे. कन्नड-सिल्लोडकडे शेतात खरिपात मका किती असतो ते या भागातल्यांना माहीत आहे, आणि इथेनॉलमुळे त्या मक्याला नवं गिऱ्हाईक मिळालं हेही खरं. त्यामुळे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याला माझा विरोध नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. हे रसायनशास्त्र आहे, त्याला पक्ष नसतो. २० टक्के इथेनॉल घातलं की त्याच लिटरमध्ये ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरणार. २०२१ मध्ये नीती आयोगाच्या अहवालातच लिहिलं होतं की ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या रचनेच्या चारचाकीत ई-२० घातलं तर इंधन-क्षमता ६ ते ७ टक्के घटेल. आणि पुढे २०२५ मध्ये पंपापंपावर ई-२० आल्यावर लोक ओरडायला लागले तेव्हा, त्या ऑगस्टमध्ये, पेट्रोलियम मंत्रालयाने काय सांगितलं? घट किरकोळ आहे, आणि मायलेज चालवण्याच्या सवयी, देखभाल, टायरची हवा, एसीचा भार अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असतं.

सर्व्हिस सेंटरवाल्याचंच वाक्य! फक्त आता मंत्रालयाच्या तोंडी. एसीच्या भाराने मायलेज कमी होतं हे मंत्रालयाला माहीत आहे; पण पप्पांना २४ सांगणाऱ्या चाचणीत एसी बंद होता, त्याचं काय? ई-२० शिवाय दुसरं पेट्रोल निवडायची मुभा मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. ठीक आहे. मग ज्या लिटरमध्ये ऊर्जा कमी आहे त्याचा भाव त्या प्रमाणात कमी करा. दूधवाल्याने पाणी घातलं तर आपण फॅट लावून भाव ठरवतो, डेअरीत रोज सकाळी हेच होतं. पेट्रोललाच ते का नको? मका पिकवणाऱ्याने एका हाताने घ्यायचं आणि पंपावर दुसऱ्या हाताने परत द्यायचं, वर सवय सुधारायचा सल्ला ऐकायचा.

सरकारला हे जमणार नाही असं नाही, आणि सगळं नव्याने शोधायचीही गरज नाही. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून गाडीच्या काचेवरचा आकडा पाच चाचण्यांवरून काढतात. त्यात जोरदार वेग आहे, थंडी आहे, आणि उन्हात एसी लावून चालवणंही आहे. युरोप तर पुढे गेला: २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष जळलेलं इंधन मोजून साठवणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती माहिती गोळा करून युरोपियन आयोगाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं की नव्या, कडक चाचणीपेक्षाही पेट्रोल गाड्या रस्त्यावर सुमारे २४ टक्के आणि डिझेल गाड्या १८ टक्के जास्त इंधन पितात. प्लग-इन हायब्रिडचं प्रदूषण तर कागदापेक्षा साडेतीन पट निघालं. आकडे कंपन्यांना लाजवणारे होते, तरी छापले.

आपल्या गाड्यांच्या संगणकालाही किती पेट्रोल गेलं हे कळतं, त्याशिवाय स्क्रीनवर आकडा आला असता का? तो अधिकृत सर्व्हिसिंगच्या वेळी वाचायचा, मालकाचं नाव-नंबर वगळायचं, आणि मॉडेलनुसार सरासरी दरवर्षी जाहीर करायची. जाहिरातीत प्रयोगशाळेचा आकडा छापायचा असेल तर शेजारी तेवढ्याच अक्षरात हा छापायचा, १०० किलोमीटरला किती लिटर अशा भाषेत. एसी चालू, पाच माणसं, आज पंपावर जे पेट्रोल मिळतं ते भरून. यात कंपन्यांचं काय बुडतं? ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याचा फायदाच आहे. यातलं थोडंफार आपल्याकडे चर्चेत आहे, डब्ल्यूएलटीपी आणायचं चाललंय. पण पुण्याच्या रोलरवरून दुसऱ्या रोलरवर जाण्याने अर्धंच काम होईल. रस्त्यावरचा आकडा रस्त्यावरूनच यायला हवा. आणि हा प्रश्न एकट्यादुकट्या घराचा नाही. २०१७ पासून कंपन्यांना सरासरी इंधन-वापराची जी मर्यादा घातली आहे, तीही याच चाचणीच्या आकड्यांवर तपासली जाते. देशाचं किती तेल वाचलं याचा हिशेबही मग त्या २६ सेकंदांवरच उभा आहे.

मे महिन्यातल्या भांडणानंतर मी पप्पांना हे सगळं बसून सांगितलं. रोलर, रेघ, एसी बंद, सगळं. मोबाइलवर त्या चाचणीचा आलेख दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे यात गाडी कुठं जातच नाही?" दुसऱ्या दिवशी डायरीत एक नवा रकाना आखला: एसी. त्यात आता आजीच्या दिवशी 'चालू' असं असतं. त्या पानांवर १५ पण आहेत, एकदा साडेचौदा आहे.

महिन्याभरापूर्वी गल्लीतला एक जण घरी आला. हीच गाडी घ्यायची म्हणत होता, गुरुजींना अ‍ॅव्हरेज विचारायला आला होता. पप्पांनी डायरीच पुढ्यात ठेवली. त्याने चार-पाच पानं उलटली, चहा घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, शोरूमवाला तर चोवीस म्हणतोय. तुमच्याकडनं गाडी जरा दाबून चालत असंल."